भाऊजींची भागीदारी

ऑक्टोबरचा मधला आठवडा म्हणजे आमच्या, अमेरिकेतले कराचे रिटर्न भरून देणाऱ्यांच्या, धंद्यातला दुसरा एप्रिल. एप्रिलच्या तारखेला मुदतवाढ मागून उन्हाळाभर निवांत राहिलेली मंडळी त्या आठवड्यात एकदम जागी होतात आणि कागदांच्या पिशव्या घेऊन मिशिगनातल्या नोव्हाय गावच्या माझ्या ऑफिसात येऊन बसतात. अशाच एका सकाळी ताईचा फोन आला. एरवी ताईचं पहिलं वाक्य "कामात आहेस का गं?" असं असतं. त्या दिवशी ती म्हणाली, "वसू, हे उठत नाहीयेत..." आणि मागून ऋताचा, माझ्या भाचीचा, आवाज आला, इंग्रजीत कुणाला तरी घराचा पत्ता सांगणारा. समोर बसलेल्या गृहस्थांना मी काय सांगितलं, गाडी कुठल्या रस्त्यानं नेली, मला काही आठवत नाही. पोचले तेव्हा ताईच्या ड्राइव्हवेत अँब्युलन्स उभी होती आणि तिची माणसं सावकाश चालत होती. त्यावरूनच मला कळलं.

दिनकर भाऊजींना जाऊन आता काही आठवडे झाले. या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्या हातचे तर्री पोहे, त्यांचा गडगडाटी आवाज आणि त्यांनी कुणाकुणाला विमानतळावरून घरी आणलं याबद्दल बोलतो. ते सगळं खरंच आहे. पण माझ्याकडचे भाऊजी थोडे वेगळे आहेत. मी त्यांची मेहुणी, आणि त्यांच्या कंपनीची अकाउंटंट. धंद्यात त्यांचा 'बेसिस' किती, हे दरवर्षी मी काढत असे. त्या एका कोरड्या आकड्यावरून आम्ही जितके भांडलो तितके सख्खे भाऊ वाटणीवरून भांडत नसतील, आणि आज मला सगळ्यात जास्त आठवण येते ती त्या भांडणांची.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी पुण्यात बी.कॉम. करत होते. भाऊजी मूळचे नागपूरचे, मिशिगनात शिकून इथेच टूलिंग इंजिनिअर म्हणून नोकरीला लागलेले. पहिल्याच भेटीत मी त्यांना "चहा घेणार का?" असं विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या पुण्यात चहा विचारतात. आमच्याकडे आधी ठेवतात, मग साखर किती ते विचारतात." तेव्हापासून मी त्यांची 'पुणेकर'. नावानं त्यांनी मला क्वचितच हाक मारली. पुढे माझंही लग्न झालं, ताईच्या मागोमाग मी इथे आले, इथली परीक्षा दिली आणि छोटं ऑफिस थाटलं. सुरुवातीला गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा भाऊजी महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माझी कार्डं वाटत फिरायचे. "घ्या, मेहुणी आहे माझी. जिभेनं तिखट आहे, पण आकडा चुकायची नाही," अशी जाहिरात! मला भयंकर राग यायचा, पण गिऱ्हाइकंही यायची.

दोन हजार एकच्या अखेरीस भाऊजींची नोकरी गेली. त्या सुमारास आमच्या ओळखीत कितीतरी जणांच्या गेल्या. पण सांत्वनाला येणाऱ्यांनाच भाऊजी धीर द्यायचे. "नोकरी गेली, हात तर शाबूत आहेत ना," म्हणायचे. थंडी सरायच्या आत त्यांनी इंडस्ट्रियल पार्कात एक गाळा भाड्यानं घेतला, धातू कापायचं एक जुनं मिलिंग मशीन आणलं आणि त्यांच्याबरोबरच कामावरून कमी झालेल्या जेरी नावाच्या मशिनिस्टला बोलावून घेतलं. गाडीचा दरवाजा किंवा डॅशबोर्ड बरोबर घडलाय का, हे बघायला तो धातूच्या एका साच्यावर बसवून पाहतात. त्या साच्याला चेकिंग फिक्स्चर म्हणतात. ते बनवायचा हा धंदा. त्यांच्या जुन्या ओळखी होत्या, शब्दाला वजन होतं, आणि पैसे मात्र बेताचे होते.

कंपनी कुठल्या प्रकारची करायची हा प्रश्न आला तेव्हा भाऊजींनी एका शब्दात सांगितलं, "भागीदारी." मी म्हटलं, एस कॉर्पोरेशन. त्यात नफा-तोटा भागीदारीसारखाच मालकांच्या वैयक्तिक रिटर्नमध्ये येतो, शिवाय नफ्याच्या काही भागावर पगारासारखा कर लागत नाही. फक्त तिचे नियम कडक असतात. मालक कोण होऊ शकतो, कोण नाही, हे ठरलेलं असतं. मी ते नियम त्यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं वाचून दाखवले. भाऊजी तेव्हा कांदा चिरत होते. "हो हो, समजलं," म्हणाले. शेवटी माझ्या आग्रहानं एस कॉर्पोरेशन झाली. मालक दोघंच, ते आणि ताई.

पहिल्या वर्षी तोटा झाला. व्हायचाच होता. मशिनांसाठी कंपनीनं बँकेचं कर्ज घेतलं होतं आणि भाऊजींनी घर तारण ठेवून त्याला वैयक्तिक हमी दिली होती. नवीन धंद्याचा तोटा नोकरीतल्या आधीच्या वर्षांच्या पगारातून वजा होईल, तेव्हा कापलेला कर परत मिळेल, त्यात पुढचे चार महिने निघतील, असं भाऊजींनी मनाशी धरलं होतं. मार्चमध्ये मी आकडे घेऊन त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, तोटा आहे एवढा, पण वजा करता येईल तो फक्त इतकाच. बाकीचा थांबून राहील.

"थांबून? कोणासाठी थांबून?"

मी समजावलं. बेसिस म्हणजे मालकानं स्वतःचं म्हणून धंद्यात जे घातलं, त्याचा चालता आकडा. भांडवल घातलं की वाढतो, नफा झाला की वाढतो. पैसे काढले की उतरतो, तोटा झाला की उतरतो, पण शून्याच्या खाली जात नाही. शून्यावर आला की उरलेला तोटा वजा होत नाही, आकडा पुन्हा वाढेपर्यंत वाट बघत बसतो. भाऊजींनी घातलेले पैसे पहिल्या सहा महिन्यांतच तोट्यानं खाऊन टाकले होते.

"आणि बँकेचं कर्ज? ते धर ना त्यात."

"ते कंपनीचं कर्ज आहे, भाऊजी. तुमचं नाही."

"सही माझी आहे. घर माझं आहे."

"ती हमी आहे. हमी म्हणजे घातलेले पैसे नव्हेत."

"कंपनीनं हप्ते नाही भरले तर घर कोणाचं जाणार?"

"तुमचं."

"आणि तरी मी काही घातलं नाही?"

"अजून नाही. उद्या बँकेनं तुमच्याकडून वसूल केलं, तर तेव्हा घातलं असं धरतील."

"म्हणजे घर गेल्यावर!"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ताई पोळ्या लाटायची थांबली होती. भाऊजी खुर्चीत मागे रेलले. "आणि भागीदारी असती तर?" त्यांनी हळूच विचारलं. मी खरं ते सांगितलं. भागीदारीत धंद्याचं कर्ज हे भागीदारांचंच कर्ज समजतात. ज्याच्यावर त्याचा बोजा पडणार, त्याच्या बेसिसमध्ये ते मिळवतात. त्यांची सही त्यांच्या आकड्यात धरली गेली असती. तोटा सगळा वजा झाला असता.

"मग मी काय बोलून राहिलो होतो?" भाऊजींचा आवाज छताला लागला. "पुणेकर, तुझ्या त्या कॉर्पोरेशनला माणसाची सही समजत नाही!"

मीही चिडले. कॉर्पोरेशन ही कायद्यानं वेगळी व्यक्ती असते, तिचं कर्ज तिचं असतं, म्हणून तर आपण तिच्या आडोशाला उभं राहतो, वगैरे सगळं ऐकवलं. बँकेकडून तुम्ही स्वतः कर्ज घ्या आणि ते पैसे कंपनीला उसने द्या, मग ते धरता येईल, असा मार्गही सांगितला. दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. तिथल्या बाईंनी गोड हसून सांगितलं की या वर्षी कागद बदलता येणार नाहीत. कर परत आला नाही. ताईनं एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर नोकरी धरली आणि भाऊजी स्वतःचा पगार न घेता काम करत राहिले. मला मात्र ते त्या वेळी एक शब्दही लावून बोलले नाहीत. पुढच्या रविवारी पोहे खायला बोलावलं आणि माझ्या बशीत तर्री जरा जास्तच ओतली, एवढाच काय तो सूड.

आता दादांबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, नागपुरात एका शाळेत मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. दादांना लहानपणापासून यंत्रांचं वेड. इंजिनिअरिंगला प्रवेशही मिळाला होता, आणि त्याच उन्हाळ्यात वडील गेले. दादांनी शाळेत नोकरी धरली आणि इंजिनिअर झाला तो धाकटा. याबद्दल घरात कुणी कधी बोलत नसे. दादा शाळेतली घड्याळं, पाण्याचे पंप, गॅदरिंगचा लाऊडस्पीकर दुरुस्त करायचे आणि दर रविवारी भाऊजींना फोनवर विचारायचे, "काय बनवून राहिला सध्या?" भाऊजी सांगायचे, आणि दादा पुढचा प्रश्न नेमका विचारायचे. त्यांच्यासाठी काही करावं म्हटलं तर दादा काही घेत नसत. पैसे पाठवले की परत येत, टीव्ही पाठवला तर शाळेला देऊन टाकला.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत मी अशाच एका रविवारी ताईकडे होते. दादांचा फोन आला, ताईनं तो माझ्या हातात दिला. "काय म्हणते वसुधा?" दादांचा आवाज नेहमीपेक्षा खुललेला होता. "आता आम्हीही मालक आहो बरं का! वार्षिक सभा केव्हा ठेवून राहिले तुम्ही लोक?" मला वाटलं गंमत करतायत. म्हटलं, "दादा, कसली सभा?" तर म्हणाले, "अरे, भागधारकांची! दहावा हिस्सा आहे आपला. दिनकरनं दिवाळीच्या पाडव्याला सर्टिफिकेट पाठवलं ना." मी काहीतरी बोलून फोन ताईकडे दिला आणि सरळ गॅरेजमध्ये गेले. भाऊजी तिथे बर्फ काढायचं मशीन खोलून बसले होते.

"पाडव्याला केलं," ते अगदी सहज म्हणाले. "चांगला दिवस होता. दहावा हिस्सा दादाच्या नावे लिहिला, सर्टिफिकेटला कुंकू लावलं, कुरियर केलं. तुला सांगायचं राहून गेलं."

मी तिथेच एका खोक्यावर बसले. एस कॉर्पोरेशनचा मालक या देशाचा रहिवासी नसेल तर चालत नाही. दादा ज्या क्षणी मालक झाले, त्या क्षणी कंपनीचा तो दर्जा गेला. पाडव्यापासूनचा सगळा तोटा आता कंपनीच्या पोटातच अडकला. तो भाऊजींपर्यंत पोचणारच नव्हता. आधी थांबलेला तोटाही बुडायच्या बेतात होता, कारण तो सोडवायला थोड्या मुदतीत स्वतःचे आणखी पैसे घालावे लागले असते, आणि ते कुठून आणणार? हे सगळं मी त्यांना सांगितलं. हेही सांगितलं की सुटका आहे. दादांकडून हिस्सा परत घ्यायचा, कर खात्याला लिहायचं की चूक अजाणता झाली, वकील लावायचा, आणि दर्जा परत मागायचा. असं बऱ्याचदा मिळतं.

"परत घ्यायचा म्हणजे?" भाऊजींच्या हातात पाना तसाच राहिला. "दादाला फोन करून सांगू की दे परत?"

"कायद्यासाठी. दादा समजून घेतील."

"समजून घेतील ना. तोच तर प्रॉब्लेम आहे. जन्मभर समजूनच घेतलं त्यानं." मग पाना खाली ठेवून म्हणाले, "त्यानं पहिल्यांदा माझ्याकडून काही घेतलं आहे, वसुधा. ते मी परत मागणार नाही."

त्यांनी मला नावानं हाक मारली, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण मी पडले पुण्याची. घराची आठवण करून दिली, ऋताच्या कॉलेजची दिली, भावनेच्या भरात धंदे बुडतात हेही सुनावलं. शेवटी ताईला मध्यस्थीला बोलावलं, तिचंही घर आहे म्हटलं. ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "कुंकू मीच लावलं होतं गं त्याला." मी गाडीची किल्ली उचलली आणि निघाले. रस्ताभर मोठमोठ्यानं बोलत होते, एकटीच.

दोन-तीन आठवडे आम्ही बोललो नाही. मग एक दिवस भाऊजी माझ्या ऑफिसात आले, इतर गिऱ्हाइकांसारखे बाहेरच्या खुर्चीवर आपला नंबर यायची वाट बघत बसले, आणि आत आल्यावर म्हणाले, "पुणेकर, काय नुकसान व्हायचं ते होऊ दे. दादा राहील असं काहीतरी कर." त्यांच्या चेहऱ्यावर अजिजी नव्हती. ठरवून आले होते. मी तोवर ते काम करूनच ठेवलं होतं, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. कॉर्पोरेशन मोडायची आणि एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढून ती करासाठी भागीदारी म्हणून चालवायची. भागीदार कुठल्याही देशातला चालतो. त्याच्या वाट्याचा कर आधी कापून भरावा लागतो, दरवर्षी त्याचा वेगळा रिटर्न भरावा लागतो, पण चालतो. कॉर्पोरेशन काढायला सोपी आणि मोडायला महाग असते, कारण तिच्यातली वस्तू बाहेर काढली की ती विकल्यासारखी धरतात. आमच्याकडे जुनी मशिनं आणि तोटा याशिवाय होतं काय! त्यामुळे मोडण्याचा कर जवळपास लागला नाही. पण अडकलेला तोटा कंपनीबरोबर गेला तो गेलाच. भाऊजींनी सगळ्या कागदांवर सह्या केल्या, पेन बंद केलं आणि विचारलं, "आता माझी सही मोजतात का?"

"मोजतात," मी म्हटलं. बँकेचं कर्ज त्यांच्या हमीसकट त्यांच्या बेसिसमध्ये आलं. त्या पुढच्या वर्षाचा थोडा तोटा होता, तो पूर्ण वजा झाला. तेच घर, तीच बँक, तीच सही. भाऊजी आकड्याकडे बघून इतके खूश झाले की त्यांनी माझ्या सेक्रेटरीलाही पोह्यांचं आमंत्रण देऊन टाकलं.

नंतरची वर्षं चांगली गेली. फार नफा नाही, पण भाऊजी पगार घ्यायला लागले, जेरीच्या हाताखाली आणखी एक माणूस आला. आणि दरवर्षी एक नाटक व्हायचं. भागीदाराला त्याचा वर्षाचा नफा-तोटा कळवणारा के-वन नावाचा कागद असतो. दादांनी पहिला के-वन लॅमिनेट करून भिंतीवर लावला, असं ऐकलं. दुसऱ्या वर्षापासून ते स्वतःचा बेसिस स्वतः काढून मला ईमेल करायला लागले, आणि तो माझ्या आकड्याशी कधीही जुळत नसे. "वाटून न दिलेला नफा तू मिळवते कशी? हातात आलाच नाही तर वाढला कसा?" असं म्हणायचे. मी फोनवर सांगायची, "दादा, त्या नफ्यावर कर भरून झालाय. उद्या तो तुम्ही काढून घेतलात तर पुन्हा कर लागू नये, म्हणून तो मिळवून ठेवायचा." दादा विचार करायचे. "म्हणजे जे धंद्यात ठेवलं, ते माझ्या नावे जमा." "हो." "मग काढायचंच कशाला?" दादांनी कधीच काही काढलं नाही आणि त्यांचा आकडा दरवर्षी मुंगीच्या पावलानं चढत राहिला. त्यांच्या हिश्शाचं सगळं काम मी फुकट करायची आणि भाऊजी मला त्यावरून चिडवायचे.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात दादा इथे आले. एवढ्या लांब आलेल्या माणसाला लोक नायगारा दाखवतात. दादा दुसऱ्या दिवशी सकाळी गाळ्यावर हजर! इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि डोळ्यांवर जेरीनं दिलेला सेफ्टी गॉगल. भाऊजींनी मशीन चालू केलं, टेबलाचं हँडल दादांच्या हातात दिलं. दादा ते इतकं हळू फिरवत होते की चुरा धाग्यासारखा निघत होता. ऋता शेजारी उभी होती, तिला म्हणाले, "पाहून घे, घाई नाही करायची याला." ऋता म्हणाली, "दादाकाका, यू आर अ नॅचरल." काम झाल्यावर दादांनी फिक्स्चरच्या कडेवरून बोट फिरवलं. भाऊजी माझ्याकडे बघून हसले. मी नजर दुसरीकडे वळवली, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्यांना दिसले असते तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागलं असतं.

यंदा, दोन हजार आठ साली, मात्र वसंत ऋतूपासूनच मागणी आटत चालली होती. शरद आला तसे गाड्यांच्या कंपन्यांचे फोन बंद झाले. भाऊजी वरवर हसत होते, पण याच सप्टेंबरात भेटले तेव्हा पोह्यांची बशी अर्धी ठेवून उठले होते... त्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. म्हणाले, "ऑर्डर येऊ दे, तेच औषध आहे."

ते गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात बँकेचं पत्र आलं. हमी देणारा माणूस राहिला नव्हता, कर्ज चालू ठेवायचं तर ताईनं घरावर नव्यानं सही करावी, नाहीतर फेडावं. ऋता मला म्हणाली, "मावशी, जस्ट सेल इट. बाबा गेलेत. सो हू इज इट फॉर?" मशिनं विकली तर कर्ज फिटत होतं आणि घर सुटत होतं. ऑर्डरी नसलेल्या धंद्यासाठी घरावर सही करावी, असा सल्ला कुठली अकाउंटंट देईल? मीही विकाच म्हटलं.

दादा येऊ शकले नाहीत. वय आहे, त्यात व्हिसा. फोनवर रडले नाहीत, पण फार सावकाश बोलत होते. "वसुधा, बँकेला म्हणावं, दिनकरच्या जागी माझी सही घ्या. घर आहे ना माझं, माझ्याच नावावर आहे." इथली बँक नागपूरच्या घराकडे ढुंकूनही बघणार नाही, हे माझ्या तोंडून निघेना. "विचारते, दादा," एवढंच म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ऑफिसचं दार लावून रडून घेतलं.

माझ्या कामातला एक नियम मला यंदा फार लागला. माणूस गेला की त्याच्या हिश्शाचा तोवरचा बेसिस पुसला जातो. वर्षानुवर्षं मिळवलेलं, वजा केलेलं, थांबवलेलं सगळं रद्द, आणि वारसासाठी त्या दिवशीच्या बाजारभावानं नवा आकडा सुरू होतो. धंदा तेजीत असताना ही चांगली सवलत असते, वारसाचा पुष्कळ कर वाचतो. पण या ऑक्टोबरात डेट्रॉइटजवळच्या एका गाळ्याला कसला आलाय भाव! भाऊजींनी सात वर्षांत जे ओतलं, त्याच्याहून नवा आकडा कमीच निघणार होता. तो काढण्यासाठी मशिनांच्या किमती हव्या होत्या, म्हणून गेल्या शनिवारी मी ताईला घेऊन गाळ्यावर गेले. थंडीच्या सुट्टीआधीचं एक शेवटचं काम जेरी एकटाच करत होता. मी एकेका मशीनसमोर उभी राहून, जुना माल घेणारा व्यापारी काय देईल ते मांडत होते. ताई भाऊजींच्या टेबलाशी बसून नुसतीच बघत होती.

नऊच्या सुमाराला टेबलावरचा फोन वाजला. आम्ही दोघी दचकलो. जेरीनं मान वर केली आणि म्हणाला, "दॅट्स नागपूर." मग आम्हाला कळलं. दर शनिवारी सकाळी दादा फोन करायचे, भाऊजी स्पीकर लावून फोन मशीनशेजारी ठेवायचे आणि काम करत बोलायचे. कधी बोलायचेही नाहीत. जेरीला त्यातला एक शब्द समजत नसे, पण त्या वेळेला तो रेडिओ बंद करायचा. ताईला यातलं काही माहीत नव्हतं. "शनिवारी शांत असतं, कामं होतात, म्हणायचे मला," ती पुटपुटली आणि तिनं स्पीकरचं बटण दाबलं.

"कोण आहे?" दादांनी विचारलं.

"मी आहे दादा. वसुधा पण आहे. जेरी पण आलाय."

मग दादा म्हणाले, "मशीन बंद आहे का? लावायला सांग ना त्याला."

मी जेरीला सांगितलं. त्यानं गॉगल चढवला, काम नीट आवळलं आणि मशीन चालू केलं. ताईनं फोनची गुंतलेली वायर मोकळी केली आणि फोन उचलून मशीनच्या शेजारी नेऊन ठेवला. आम्ही तिघं उभे होतो. भाऊजी गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. एक पूर्ण काप निघाला, जेरीनं टेबल मागे घेतलं, मशीन थांबवलं. मला वाटलं दादा रडत असतील.

"बेअरिंग आवाज करून राहिलं," दादा म्हणाले. "दिनकरलाही मी म्हटलं होतं. बदलून घ्या, नाहीतर स्पिंडल खराब होईल."

माझ्या हातातल्या कागदावर त्या मशीनपुढे मी नुकतीच किंमत लिहिली होती. ताईनं त्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी कागदाची घडी घातली. तिनं पदराला हात पुसले आणि फोनवर वाकली.

"सोमवारी बदलून घेते, दादा."